कर नाही, डर आहे

२०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाला एका अनपेक्षित विषयावर खुलासा करावा लागला. कतारमधल्या अधिकाऱ्यांनी गुरू ग्रंथ साहिबच्या दोन प्रती, म्हणजे शिखांच्या भाषेत दोन स्वरूपं, ताब्यात घेतली होती. पंजाबात संताप उसळला, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने निषेध केला. मंत्रालयाने सांगितलं की एक स्वरूप परत मिळालं आहे आणि दुसरं आदराने ठेवल्याची हमी कतारने दिली आहे. काही दिवसांत दुसरंही परत आलं. या खुलाशातला महत्त्वाचा शब्द मात्र चर्चेत फारसा आला नाही. ज्यांच्याकडून ही स्वरूपं घेतली त्यांच्यावरचा आरोप सरकारच्या मान्यतेशिवाय धार्मिक आस्थापना चालवल्याचा होता. प्रार्थना का केली, असं कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते इतकंच की परवाना कुठे आहे.

दोह्यातल्या, अल वक्रातल्या, अल खोरच्या कंपनी वसाहतीतल्या मराठी घरांनी ती बातमी दोनदा वाचली असणार. गणपती जवळ आले होते.

आपल्याकडे देवस्थानावर सरकारचा हात असतो तो कराच्या वाटेने. आयकर खातं ट्रस्टला म्हणतं, नोंदणी करा, हिशेब तपासून घ्या, उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टावर खर्च करा, विश्वस्तांच्या भावाभाच्यांना लाभ देऊ नका; हे पाळलंत तर तुमच्या उत्पन्नावर कर नाही. दुसऱ्या बाजूने धर्मादाय आयुक्त बसलेले असतात. सवलत हवी म्हणून हिशेब द्यायचा आणि हिशेब दिला म्हणून सवलत मिळायची, असा हा व्यवहार. त्यात पळवाटा किती आणि कुठल्या, हे गावोगावच्या सनदी लेखापालांना पाठ आहे. तरी व्यवहार आहे.

कतारमध्ये या व्यवहाराचा पायाच नाही. तिथे पगारावर आयकर नाही. परदेशी मालकीच्या कंपन्यांच्या नफ्यावर साधारण १० टक्के कर आहे, तेल आणि वायूच्या धंद्यावर त्याहून बराच जास्त. २०१९ पासून तंबाखू, ऊर्जापेयं आणि फेसाळ शीतपेयांवर अबकारी कर आहे. पण मशिदीला, चर्चला किंवा भजनी मंडळाला ‘तुम्हाला करातून सूट देतो’ असं सांगून ताळेबंद मागावा, अशी सोयच राज्याकडे नाही. सूट द्यायला आधी कर हवा. मग धर्मावर नजर ठेवायची कशी? कतारचं उत्तर सरळ आहे. बहुसंख्यांचा धर्म सरकारी खात्यात घ्यायचा, आणि बाकीच्यांना दारातच परवाना विचारायचा.

पहिली बाजू आधी पाहू. औकाफ आणि इस्लामी व्यवहार मंत्रालय मशिदी बांधतं, त्यांची देखभाल करतं, इमामांची नेमणूक करतं, त्यांचा पगार देतं. शुक्रवारच्या प्रवचनात काय बोललं जातं यावरही मंत्रालयाचं लक्ष असतं. वक्फच्या मालमत्ता याच मंत्रालयाच्या विभागाकडे आहेत आणि त्यांचं उत्पन्न सहा खात्यांत वाटलं जातं: मशिदी, कुराण आणि सुन्ना, आरोग्य, कुटुंब आणि बालक, विज्ञान आणि संस्कृती, पुण्यकार्य. जकातीसाठी १९९२ मध्ये स्वतंत्र निधी स्थापन झाला. शेजारच्या सौदी अरेबियात व्यापाऱ्यांकडून जकात सरकार वसूल करतं. कतारमध्ये ती देणाऱ्याच्या इच्छेवर आहे, पण स्वीकारणारा सरकारी विभाग तयार असतो. २००८ च्या एका कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कतारी कंपन्यांना निव्वळ नफ्याचा अडीच टक्के भाग सामाजिक आणि क्रीडा कार्यासाठी द्यावा लागतो. जकातीचा दरही अडीच टक्केच. कायद्यात जकातीचं नाव नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

आपल्याकडे गेली दोन वर्षं ‘वक्फ’ हा शब्द भांडणाचा झाला आहे. २०२५ चा दुरुस्ती कायदा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबरातला अंतरिम आदेश, वाहिन्यांवरचा आरडाओरडा हे सगळं वाचकांनी पाहिलं आहे. कतारमध्ये वक्फ हा वादाचा विषय होत नाही, कारण तिथे वक्फ मंडळ आणि सरकार अशा दोन बाजूच नाहीत. जमीन ज्याची, ताळेबंद त्याचाच आणि तपासनीसही तोच. ही व्यवस्था कार्यक्षम आहे, यात शंका नाही. मशिदी स्वच्छ असतात, पाणी थंड असतं, इमामाला वर्गणीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. मात्र त्या पैशाचा हिशेब सामान्य माणसाने मागावा, अशी खिडकी तिथे नाही.

दुसरी बाजू दोह्याच्या दक्षिणेला, मेसाइमीर भागात आहे. टॅक्सीवाल्याला ‘चर्च कॉम्प्लेक्स’ म्हटलं की पुरतं. तेव्हाचे अमीर शेख हमद बिन खलिफा अल थानी यांनी ही जागा ख्रिस्ती पंथांना वापरायला दिली आणि मार्च २००८ मध्ये तिथलं ‘अवर लेडी ऑफ द रोझरी’ हे कॅथलिक चर्च उघडलं. आधुनिक कतारमधलं ते पहिलं चर्च. त्या सोहळ्यासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून आले होते कार्डिनल आयव्हन डायस. ते मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याचे, आणि रोमला जाण्याआधी मुंबईचे आर्चबिशप होते. आज त्या चर्चमध्ये इंग्रजी, मल्याळम, तगालोग, अरबी अशा भाषांबरोबर कोंकणीतही प्रार्थना होते. शुक्रवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, बार्देस आणि साष्टीची माणसं तिथे सहकुटुंब दिसतात.

बाहेरून पाहिलं तर चर्च असल्याचं कळत नाही. क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा नाही. फाटकावर तपासणी होते. भोवती भिंत आहे आणि भिंतीच्या आत अँग्लिकन, कॉप्टिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स, सीरियन ऑर्थोडॉक्स अशी आपापल्या इमारतींची वस्ती आहे. भारतीय प्रॉटेस्टंट मंडळ्यांचंही एक सामाईक संकुल आहे. नोंदणीकृत ख्रिस्ती पंथ आठ. नोंदणी मागायची तर किमान दीड हजार सदस्य दाखवावे लागतात, आणि ही गोष्ट जाते परराष्ट्र मंत्रालयाकडे. म्हणजे बिगरमुस्लिमांचा धर्म हा तिथे परराष्ट्र व्यवहार आहे. संख्येने लहान असलेल्या पंथांनी मोठ्यांच्या छत्राखाली जावं, अशी अपेक्षा असते. ज्या भारतीय मंडळ्या भाड्याच्या बंगल्यांत प्रार्थना करत, त्या कोविडच्या काळात बंद झाल्या आणि नंतर त्यांना पुन्हा परवानगीच्या रांगेत उभं राहावं लागलं.

या यादीत हिंदू, शीख, बौद्ध, बहाई कोणीच नाहीत. कतारच्या लोकसंख्येत साधारण दर सातांतला एक हिंदू असावा असा अंदाज आहे, म्हणजे दीड हजारांची अट कितीतरी पटींनी ओलांडलेली. तरी सार्वजनिक मंदिर नाही. मनामात सिंधी व्यापाऱ्यांचं श्रीनाथजींचं मंदिर दोनशे वर्षांहून जुनं आहे, मस्कतमध्ये मोतीश्वराचं आहे, बर दुबईत १९५८ मध्ये झालं आणि अबू धाबीत फेब्रुवारी २०२४ मध्ये दगडी कोरीवकामाचं भव्य मंदिर उभं राहिलं. कतारच्या राज्यघटनेचं कलम ५० उपासनेचं स्वातंत्र्य सर्वांना देतं, कायद्याच्या आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या चौकटीत. घरात पूजा करा, कोणी दार ठोठावत नाही. प्रश्न येतो तो घरातली पूजा ‘आस्थापना’ कधी होते, याचा. पाच कुटुंबं जमली तर? पन्नास जमली तर? दर आठवड्याला जमली तर? आणि खर्चासाठी पैसे गोळा केले तर?

या शेवटच्या प्रश्नाला कतारचा कायदा अगदी स्पष्ट उत्तर देतो. २०१४ च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने धर्मादाय कामांवर नियंत्रण आणलं आणि त्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘राका’ म्हणतात. राकाच्या परवानगीशिवाय देणगी गोळा करता येत नाही, देणगीचं आवाहन करता येत नाही, परदेशी पाठवता तर मुळीच येत नाही. हा नियम मोडला तर तुरुंग आणि दंड. रमजानमध्ये मॉलच्या दारात कतार चॅरिटी किंवा शेख ईद यांच्या नावाच्या संस्थेची टेबलं लागलेली दिसतात, ती परवान्याची टेबलं.

हा कडकपणा हवेतून आलेला नाही. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यांनंतर आखातातल्या दानाच्या पैशाला वाटा कुठे फुटतात, याचा तपास सगळं जग करू लागलं. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. तेव्हा त्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत ५९ व्यक्ती आणि १२ संस्था होत्या, आणि त्यांत कतार चॅरिटीचं नाव होतं. संयुक्त राष्ट्रांनी ती यादी मानली नाही. जानेवारी २०२१ मध्ये अल उलाच्या करारानंतर कोंडी सुटली. पण आपल्या दानपेटीवरून शेजाऱ्यांनी आपल्याला कोंडीत धरलं होतं, हे दोह्याने लक्षात ठेवलं. धर्मादाय पैशावरचं नियंत्रण हा कतारसाठी आब्रूचा प्रश्न झाला. मोठ्या संस्थांसाठी त्याचा अर्थ लेखापरीक्षण आणि बँकेच्या चौकश्या एवढाच. छोट्या, बिगरनोंदणी धर्मसमूहांसाठी अर्थ वेगळा झाला.

बहाई समाजाच्या बाबतीत तो उघड दिसला. कतारमध्ये बहाई कुटुंबं १९४० च्या दशकापासून राहतात. त्यांच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष रेमी रोहानी हे एके काळी कतार चेंबरच्या वरिष्ठ पदावर होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना परवान्याशिवाय देणग्या गोळा केल्याच्या गुन्ह्यात महिनाभराची शिक्षा भोगायला नेलं. देणग्या कसल्या, तर बहाई धर्मात सदस्य आपल्याच समाजाच्या निधीला जी नेहमीची वर्गणी देतात ती. पुढे २०२५ मध्ये त्यांना समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून पुन्हा अटक झाली, ऑगस्टमध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि सप्टेंबरअखेर वरच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. हा दुसरा खटला जगभर गाजला. मला मात्र पहिला अधिक अभ्यासण्यासारखा वाटतो. नोंदणी मिळत नाही म्हणून समूह बेकायदा, समूह बेकायदा म्हणून त्याची वर्गणी बेकायदा, आणि वर्गणी घेतली म्हणून अध्यक्ष गुन्हेगार. दानाचा गैरवापर झाला की नाही, हा प्रश्न या साखळीत येतच नाही.

आता दोह्यातल्या गणपतीकडे येऊ. मूर्ती घरात बसते, बंगल्यात बसते, कंपनीच्या वसाहतीत बसते. मराठी मंडळाचे कार्यक्रम भारतीय दूतावासाच्या छत्राखालच्या इंडियन कल्चरल सेंटरशी संलग्न राहून होतात, आणि ते होतात सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. हे छत्र कमी महत्त्वाचं नाही. त्यामुळे मंडळाला नाव, सभागृह आणि पत्ता मिळतो. पण छत्राबाहेर, एखाद्या इमारतीतल्या दहा घरांनी व्हॉट्सॲपवर यादी फिरवली, ‘प्रत्येकी शंभर रियाल, सजावट आणि प्रसाद’, तर? बहुतेक वेळा काहीच होत नाही. शंभर रियालसाठी कोणी कोणाला धरत नाही. पण कायदा रकमेचा आकडा विचारत नाही, आणि परक्या देशात ‘बहुतेक वेळा’ या शब्दावर किती भार टाकायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०१६ मध्ये दुबईत एका ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन रहिवाशाला अफगाण निर्वासितांच्या घोंगड्यांसाठीच्या मदतीचं आवाहन फेसबुकवर पुढे पाठवल्यावरून अटक झाली होती. त्याने स्वतः एक दिरहमही गोळा केला नव्हता.

हे वाचून कोणी म्हणेल, हुकूमशाही, दुसरं काय. जरा थांबा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क काढा. सार्वजनिक धार्मिक वा धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची, आणि मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं नसेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. गणेशोत्सव, नवरात्र, दहीहंडी, सगळ्याला. परवानगीशिवाय वर्गणी घेतली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमा रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड. उत्सव संपल्यावर हिशेब सादर करायचा. म्हणजे कागदावर दोहा आणि दादर यांच्यात फरक जवळजवळ नाही. फरक हा की दादरला रात्री दहा वाजता दारात आलेल्या चार पोरांना आपण ४१ क ची परवानगी दाखवा म्हणत नाही. मुकाट्याने पाचशे एकची पावती फाडतो आणि दार लावून घेतो.

दोह्यातल्या मराठी माणसाचा खरा दानधर्म मात्र तिथे होतच नाही, तो गावाकडे होतो. ग्रामदैवताच्या सभामंडपाला, सप्ताहाच्या पंगतीला, शाळेच्या खोलीला. इथे दोन देशांचे कायदे एकाच रुपयावर येऊन बसतात. कतार सहसा नागरिकत्व देत नाही. सलग २५ वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो, मंजूर होईलच असं नाही. त्यामुळे तीस वर्षं तिथे असलेल्या अभियंत्याचाही पासपोर्ट भारतीयच असतो. आणि भारतीय नागरिकाने परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही विदेशी योगदान नियमन कायद्याखाली ‘विदेशी देणगी’ धरली जात नाही. त्याचा अमेरिकन नागरिक झालेला मावसभाऊ त्याच देवळाला तेवढेच पैसे देईल तर ती विदेशी. मग देवळाकडे गृहमंत्रालयाची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच यायला हवेत. कतारने नागरिकत्व दिलं नाही, याचा फायदा आपल्या ग्रामदैवताला होतो!

पण हा फायदा एकट्याचा आहे. दोह्यातल्या पंधरा जणांनी मिळून रक्कम जमवली आणि तिथल्या मंडळाच्या नावाने पाठवली, तर भारताच्या दृष्टीने परदेशात स्थापन झालेली संघटना हा विदेशी स्रोत ठरतो, आणि कतारच्या दृष्टीने ती परवान्याशिवाय जमवून देशाबाहेर नेलेली देणगी ठरते. तोच पैसा, त्याच माणसांचा, त्याच देवळासाठी. पंधरा जणांनी आपापल्या एनआरई खात्यातून पाठवला की दोन्हीकडे प्रश्न उरत नाही.

करसवलतीचं काय? ‘ऐंशी जी’ची पावती देतो असं विश्वस्त अभिमानाने सांगतात. दोह्यातल्या पगारदाराला ती चौकटीत लावण्यापुरती. त्याच्या तिथल्या पगारावर भारतात कर नाही, कतारमध्ये नाही; वजावट कशातून करणार? भारतात घरभाडं किंवा व्याज येत असेल तर थोडी कामाला येईल, तीही देवळासाठी सहसा नाही, कारण निव्वळ धार्मिक ट्रस्टला ही सवलत मिळतच नाही. पुरातन म्हणून खास अधिसूचित झालेली देवळं तेवढी अपवाद. म्हणजे आखातातला मराठी माणूस गावच्या देवळाला देतो ते निखळ दान. सरकारने त्यात एक पैसाही घातलेला नसतो. मुंबईतला धनिक इस्पितळाला दहा लाख देतो तेव्हा त्यातले काही लाख तुम्हीआम्ही दिलेले असतात, हे तो फलकावर लिहीत नाही.

नाव न सांगता दिलेल्या दानाची गोष्ट वेगळी. २००६ पासून आयकर कायद्यात निनावी देणग्यांवर ३० टक्के कराची तरतूद आहे. त्यातून निव्वळ धार्मिक संस्था वगळल्या आहेत आणि धार्मिक-अधिक-धर्मादाय अशा मिश्र संस्थाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या हुंडीत पडणाऱ्या पैशावर आयकर खात्याने बोट ठेवलं: तुम्ही इस्पितळं चालवता, प्रसादालय चालवता, ऐंशी जी घेता, मग तुम्ही धर्मादाय, हुंडीवर कर भरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचं म्हणणं फेटाळलं. संस्थान दोन्ही आहे, धार्मिकही आणि धर्मादायही. २०२५ च्या नव्या आयकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यातून मिश्र संस्थांची ही सूट गळाली होती. संसदेच्या प्रवर समितीने ती परत घालायला सांगितलं, आणि ती परत आली. हुंडीत पैसे टाकणाऱ्या भाविकाला यातलं काही ठाऊक नसतं. पण यावर भांडण झालं, निकाल लागला, समिती बसली, आणि हे सगळं उघड झालं. दोह्यात या प्रकारच्या भांडणाला जागाच नाही.

माझं मत असं: आपल्या व्यवस्थेची इभ्रत सवलतीत नाही, विचारण्याच्या हक्कात आहे. १९५४ मध्ये रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर आलेला १९५० चा विश्वस्त कायदाच तपासला. हिशेब पाहणं, नोंदणी करायला लावणं योग्य ठरवलं. पण धर्मादाय आयुक्तालाच मठाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. राज्याने चोपडी तपासावी, गादीवर बसू नये. ही रेघ आपण पुढे स्वतःच पुसट केली, हेही खरं. सिद्धिविनायक १९८० च्या, शिर्डी २००४ च्या, पंढरपूर १९७३ च्या कायद्याने सरकारी नेमणुकीच्या समित्यांकडे गेलं, आणि शिर्डीचं मंडळ २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला बरखास्त करावं लागलं. औकाफ मंत्रालयाला नावं ठेवताना हे आठवावं.

दोह्यात असाल तर वर्गणीची यादी फिरवू नका. जे करायचं ते मान्य संस्थेच्या छत्राखाली करा, गावाला द्यायचं ते स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या नावाने द्या. आणि महाराष्ट्रात असाल तर या वर्षी मंडळाच्या पोरांना परवानगीचा कागद आणि गेल्या वर्षीचा हिशेब मागा. गावच्या ट्रस्टचा ताळेबंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल म्हणून मिळतो. तो मागायला गेलात म्हणून तुम्हाला कोणी परवाना विचारणार नाही.